कादंबरीला तोड नाही

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ‘तोड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि हंगामात दुसराच चालतो. ‘याला तोड नाही’ असं कुणी म्हणालं तर पुण्यात ते कौतुक समजतात. सणसर-बेलवाडीकडे लगेच विचारतील, ‘का? नोंद नव्हती का केली?’ कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाची नोंद होते, लागणीच्या तारखेप्रमाणे नंबर लागतो, नंबर आला की तोड मिळते, टोळी येते आणि दीड वर्ष उभा असलेला आडसाली ऊस दोन-चार दिवसांत रान मोकळं करून जातो. तोड लांबली तर उसाला तुरा येतो, आतून पोकळी धरते, वजन घटतं. या भागातल्या कादंबरीकाराला हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो. आपल्या कादंबरीला तोड नाही हे त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. हस्तलिखित प्रकाशकाकडे देऊन वर्ष उलटलं की तोड खरोखरच नाही हेही कळतं. मग तुरा येतो. तो बहुधा लेखकाच्या डोक्यावर येतो, पण पोकळी आणि घटतं वजन ही लक्षणं तीच.

ऊसवाल्याच्या बाजूला निदान कायदा तरी आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावं. तो दर वेळी पाळला जातोच असं नाही, पण मोर्चा काढायला बोट ठेवण्याजोगं कलम आहे. हस्तलिखिताबद्दल चौदा दिवस सोडा, चौदा महिन्यांत ‘पोहोचलं’ एवढी ओळ आली तरी लेखकाच्या घरी शिरा होतो. उसाला काटा असतो आणि काटा मारला म्हणून भांडता येतं. कादंबरीचं वजन घरच्या वजनकाट्यावर करावं लागतं. उसाला साखर उतारा असतो. कादंबरीलाही उतारा असतो, पण तो एखाद्या दिवाळी अंकात आलेला आणि त्याचं मानधन अजून यायचं असलेला. या सगळ्यावरून इथल्या लिहित्या मंडळींनी एक सिद्धान्त काढला आहे : कथा लिहिणं हातातलं, प्रकाशक मिळणं नशिबातलं. मला तो पटत नाही. ‘प्रकाशक सापडत नाही’ ही तक्रार पुष्कळदा ‘ऐकणारा सापडला नाही’ या तक्रारीची इस्त्री केलेली आवृत्ती असते. प्रकाशक म्हणजे मध्येच उठून जायची पूर्ण मुभा असलेला पहिला श्रोता. घरच्यांना ती मुभा नसते, मित्रांना चहा पाजलेला असतो. उठायला टेकलेल्या माणसाला खाली बसवणं याचंच नाव कथेचं तंत्र असेल, तर तंत्र आणि प्रकाशक हे दोन प्रश्न उरत नाहीत. आणि याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो कऱ्हेच्या काठावर आहे.

श्रीधर कवी मूळचे नाझऱ्याचे, म्हणजे सांगोल्याकडचे, पण त्यांनी ‘शिवलीलामृत’ लिहिलं ते बारामतीत. ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात स्थळ, काळ सगळं नोंदलेलं आहे : शके १६४०, फाल्गुन पौर्णिमा, वार रविवार. गावाचं नाव मात्र त्यांनी बारामती असं न लिहिता द्वादशमती असं लिहिलं आणि कऱ्हेला ब्रह्मकमंडलू म्हटलं. तालुक्याच्या गावाचा पत्ता भारदस्त करून देण्याची लेखकांची खोड तीनशे वर्षं जुनी आहे तर. पण पुढची गोष्ट पाहा. या ग्रंथाला प्रकाशक नव्हता, कारण मराठी मुलखात छापखानाच नव्हता. वितरक नव्हता, ब्लर्ब नव्हता, प्रकाशन समारंभ नव्हता, त्यात उशिरा येणारे प्रमुख पाहुणे नव्हते. एकानं ऐकला, दुसऱ्यानं उतरवून घेतला, तिसऱ्यानं फडक्यात बांधून ठेवला. पुढे शिळाछाप आला, खिळ्यांचा छापखाना आला, आणि छापणाऱ्यांनी ही पोथी आपण होऊन शोधत येऊन छापली. ती आजही खपते. ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही त्या घरातल्या देवळीत ती असते.

हे कशानं झालं ते पाहायचं तर दुसरा अध्याय घ्यावा, व्याध आणि हरणांचा. शिकारी बेलाच्या झाडावर बसला आहे, खाली शिवलिंग आहे, आज शिवरात्र आहे, आणि यातलं त्याला काहीही ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. ऐकणाऱ्याला पात्रापेक्षा चार आणे जास्त माहिती दिली की तो उठत नाही, ही पहिली युक्ती. हरिणी येते, बाण लागतो दोरीला, आणि ती म्हणते, घरी जाऊन येते, मग मार. झालं. बाण तसाच ओढलेला, रात्र वाढते आहे, पानं खाली पडताहेत, आणि एकामागून एक हरणं येऊन तीच विनंती करून जातात. कुणी परत येईल का? शिकाऱ्याला प्रश्न पडतो, म्हणजे आपल्याला पडतो. आणि शेवटी सगळी परत येतात ती ‘आधी मला मार’ म्हणून भांडत. इथे एका वाक्यात वर्णन सांगून मोकळं होता आलं असतं : ‘एका शिकाऱ्याचं हृदयपरिवर्तन झालं.’ आपल्याकडच्या अनेक कादंबऱ्या नेमकं तेवढंच करतात, फक्त त्याला तीनशे पानं घेतात. श्रीधरांनी परिवर्तन सांगितलं नाही, बाण ओढून धरला. ज्याला हे जमतं त्याला ‘सस्पेन्स’ हा शब्द माहीत नसला तरी चालतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. श्रीधरांच्या हातात देव होता, वर फलश्रुती होती. वाचेल त्याला पुत्र, धन, आरोग्य. आम्ही कादंबरीच्या शेवटी काय लिहायचं, वाचेल त्याला पीककर्ज? आक्षेप वजनदार आहे आणि मी तो काट्यावर घेतो. फलश्रुती म्हणजे त्या काळचं मलपृष्ठ. आपणही ‘वाचकाला अंतर्मुख करणारी, समकालाचा वेध घेणारी’ वगैरे लिहितोच; त्यापेक्षा पुत्रप्राप्ती निदान पडताळून पाहता येते. पण मलपृष्ठ पुस्तक उघडायला लावतं, धरून ठेवत नाही. फलश्रुती असलेल्या पोथ्या मराठीत काही कमी नाहीत. त्यांतल्या किती अजून म्हटल्या जातात? शिवाय लोकांनी शिवलीलामृताचं काय केलं हे पाहण्यासारखं आहे. ज्यांना चौदा अध्याय रोज झेपत नाहीत त्यांनी एकच निवडला, अकरावा. त्यात महानंदा नावाची वेश्या आहे, तिनं रुद्राक्ष बांधलेलं माकड आणि कोंबडा आहे, आणि परीक्षा घ्यायला सौदागराच्या वेषात खुद्द शंकर आलेला आहे. इतकं रंगतदार सामान एका अध्यायात सापडल्यावर वाचकांनी स्वतःच संपादन करून टाकलं. संपादक नाही म्हणून रडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की वाचक हा फार निर्दय संपादक असतो. तो चौदातले तेरा काढतो आणि कळवतही नाही.

आता याच गावातला दुसरा नमुना, मोरोपंत. जन्म १७२९, पन्हाळ्याचा. आयुष्य गेलं ते बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. आश्रयदाता असा की आजच्या लेखकानं नाव काढताच सुस्कारा टाकावा. सावकार घराणं, पेशव्यांशी सोयरीक, पेशव्यांना कर्ज देणारे आणि ते परत मागण्याची हिंमत असणारे. पहिला बाजीराव १७४० मध्ये गेल्यावर पेशवेपदासाठी स्वतः बाबूजींचंच नाव पुढे आलं होतं. कवीच्या दृष्टीनं ते पद हुकलं हेच बरं झालं. पेशवा झालेला प्रकाशक पत्राला उत्तर देत नाही. अशा भक्कम छत्राखाली मोरोपंतांनी लिहिलं किती, तर सगळं महाभारत आर्यावृत्तात, आणि रामायणं एकशे आठ. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण : त्यात ओठाला ओठ लागेल असं अक्षरच नाही. म हे अक्षर ओठ मिटल्याशिवाय निघत नाही. म्हणजे रामायण आहे, पण त्यात ‘राम’ म्हणायची सोय नाही! याला म्हणतात कारागिरी. कसरत पाहून टाळ्या पडतात, पण घरी जाताना कुणी डोंबाऱ्याची दोरी गुणगुणत नाही.

इथे मोरोपंतांचे चाहते, आणि ते असायलाच हवेत, मला अडवतील. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या, १८५४ च्या ‘नवनीत’मध्ये परशुरामपंत गोडबोल्यांनी त्यांना मानाचं पान दिलं, पिढ्यान्‌पिढ्या शाळेत त्या पाठ झाल्या. कबूल. तरी बारकाईनं पाहा : लोकांच्या तोंडी काय राहिलं? एकशे आठांतलं एकही रामायण नाही. राहिली ती केकावली, उतारवयात लिहिलेली. केका म्हणजे मोराचा टाहो. तिथे पंतांना एकाच श्रोत्याला, म्हणजे देवाला, उठू द्यायचं नव्हतं. ज्या क्षणी समोर ठरावीक कान आला त्या क्षणी हा अक्षरांचा जादूगार सरळ बोलायला लागला, आणि तेच टिकलं. आश्रयदाता दोन्ही वेळी होताच, त्यामुळे फरक त्यानं पडलेला नाही. बारामतीनं हा प्रयोग एकाच माणसावर करून दाखवला आहे, प्रयोगशाळेत जमला नसता इतका नीट.

‘हे पोथ्यापुराणातलं झालं, आम्ही गद्य लिहितो,’ असं म्हणणाऱ्यांसाठी नीरा ओलांडू. सराटीच्या पुलापलीकडे अकलूज. तिथे १९२७ साली द. मा. मिरासदार जन्मले. त्यांनी, शंकर पाटलांनी आणि व्यंकटेश माडगूळकरांनी कथाकथनाचे कार्यक्रम करत महाराष्ट्र पालथा घातला. समोर शेपाचशे माणसं बसली की कुठलं वाक्य पडतं आणि कुठलं पाडतं ते पाच मिनिटांत समजतं. ‘माझ्या बापाची पेंड’ पुस्तकातून जितक्यांना भेटली त्याहून जास्त लोकांना कानातून भेटली असेल. त्याआधी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं छापली. दर आठवड्याला वाचक खिडकीशी उभा, आणि पुढचा हप्ता अजून लेखकाच्या दौतीत. असं पुढ्यात कुणी उभं असलं की चार पानांचं सूर्योदयाचं वर्णन सुचतच नाही. ‘सत्यकथे’चं ‘साभार परत’ मराठी लेखकाच्या इतिहासात शिवीसारखं वापरलं जातं, आणि १९६९ साली तर बंडखोरांनी त्या मासिकाची होळीही केली. पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना जी पत्रं लिहीत त्यांत कथा कुठे सैल पडते हे सांगितलेलं असे. म्हणजे श्रोता नेमका कुठल्या ओळीला उठला ते पत्रानं कळे. आज श्रोता उठतो आणि कळवायचं राहून जातं. खरी हानी ती आहे. पोस्टाची तिकिटं तर तेव्हाही जात होती.

गावाकडच्या लेखकाची एक वेगळी तक्रार असते : पुण्यातल्या पेठेत बसलेल्या माणसाला आमचं कळत नाही. मग तो समजावू लागतो. पात्र म्हणतं, ‘तोड आली’, आणि लेखक लगेच पाठीमागून धावत येतो : ‘तोड म्हणजे कारखान्याकडून ऊस तोडण्यासाठी मिळणारी पाळी होय.’ चिटबॉय आला की चिटबॉयची व्याख्या, गव्हाण आली की गव्हाणीचा व्यास. आपल्याच कादंबरीत आपण गाइड होऊन फिरतो आणि शिट्टी वाजवून ‘इकडे पाहा’ म्हणतो. प्रकाशकाला गव्हाण माहीत नसते हे खरं, पण बेलाच्या झाडावर रात्र काढलेला वाचक तरी कुठे असतो? बाण ओढलेला असेल तर झाडाची जात कुणी विचारत नाही. उलट्या टोकाचे लेखकही आहेत, ज्यांना वाटतं की आमच्याकडे इतकं काही घडतं की नुसतं लिहून काढलं तरी कादंबरी होईल. पण २०२४ साली ज्या मतदारसंघानं नणंद विरुद्ध भावजय अशी लोकसभेची निवडणूक पाहिली, त्याला घडामोडींनी काय दचकवायचं? घडणं इथे फुकट मिळतं. विकत घ्यावी लागते ती मांडणी.

आता पैशाचं. इथे माझा युक्तिवाद थोडा लंगडतो हे मान्य करायला हवं. मराठी कादंबरीची आवृत्ती पूर्वी हजार-अकराशेची असे, आता पाचशे, तीनशे, आणि मागणीप्रमाणे छपाई आल्यापासून ‘सध्या पन्नास काढू, मग बघू’ इथवर आली आहे. उत्तम श्रोता मिळवलेल्या कथेलाही या बाजारात हमीभाव नाही. तशात लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढायची रीत रुळली आहे. आपला ऊस गाळून घ्यायला कारखान्याला आपणच पैसे मोजायचे आणि बदल्यात शंभर पोती साखर घरी आणून पाहुण्यांना वाटायची, असा व्यवहार इंदापुरात एखाद्या शेतकऱ्यानं केला तर भावकी त्याला डॉक्टरकडे नेईल; लेखकानं केला तर शाल घालते. त्यापेक्षा गुऱ्हाळ बरं. स्वतःची काहील, स्वतःचं चुलवण, जळायला आपलंच चिपाड, ढेप नासली तर दोष आपला. स्वतः पुस्तक काढणाऱ्यांना मी मुळीच हसत नाही. फक्त मराठीत गुऱ्हाळ या शब्दाला चर्चेशी जोडलेला जो अर्थ आहे, त्याच्यापासून जपावं. साहित्य संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं, तेही बघावं. पण अनुदानानं पुस्तक छापलं जातं, ऐकलं जातं असं नाही, आणि उजनीच्या फुगवट्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ जसं पाणी आटलेल्या वर्षी वर येतं तसं आपलं पुस्तक कधीतरी आपोआप वर येईल, या आशेवर बसायचं तर आधी ते देवळाइतकं घट्ट बांधलेलं पाहिजे.

‘म्हणजे लोकांना आवडेल तेच लिहायचं का?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो विचारताना आवाज थोडा वर जातो. नाही. कान शोधा म्हणजे कानाला गुदगुल्या करा असं कुठे म्हटलं? शिवलीलामृतात चांगुणा पोटच्या पोराचं मस्तक उखळात कांडते. हे कुणाला ‘आवडेल’ म्हणून लिहिलेलं नाही, आणि तरी बायका आसवं पुसत पुढची ओवी ऐकतच होत्या. ऐकणाऱ्याला सुखी ठेवण्याची जबाबदारी लेखकावर नाही. त्याला बसतं ठेवण्याची आहे. बाकी जे लिहायचं ते लिहा, पण पाचट काढून द्या. पाचटासकट ऊस आणला तर कारखाना वजनातून कपात करतो; प्रकाशक सगळी मोळीच बाजूला ठेवतो. आणि पहिलीचीच तोड झाली नसताना खोडव्याची, म्हणजे दुसऱ्या भागाची, तयारी करू नये. त्रिखंडात्मक कादंबरीची योजना कळवणारं पत्र वाचून संपादक पहिल्या खंडाला जास्तच घाबरतो.

तेव्हा चाचणीची एक जागा सुचवतो. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर, कुठलाही कारखाना चालेल. हंगामात गेटबाहेर ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग लागते. टोकन हातात, नंबर कधी येईल सांगता येत नाही, चालकाला जागं राहायचं असतं आणि करमत नसतं. रात्री दहानंतर पहिलं प्रकरण तिथे जाऊन वाचावं. तो मोबाइलमध्ये घुसला तर त्या पानावर खूण करावी. नंबर पुकारल्याबरोबर त्यानं चावी फिरवली तर पाचट अजून निघायचं आहे. पण नंबर पुकारला, मागचे भोंगे वाजवायला लागले, आणि हा हात वर करून म्हणाला, ‘थांब रं, तिचं काय झालं ते कळू दे,’ तर घरी येऊन हस्तलिखित प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं आणि सकाळी इंदापूरहून पुण्याची एसटी धरावी. वाटेत भिगवण लागतं. तिथे कागदाचा कारखाना आहे, त्यामुळे कोऱ्या कागदाचा एखादा ट्रक बहुधा पुढेच असेल, आणि तो चढावर एसटीला वाट देत नाही.